दाराची फट

सासऱ्यांना दोन मुली आणि दोन जावई. थोरला जावई दातांचा डॉक्टर, धाकटा गाड्यांचा डेंटर. सासरे हयात होते तोवर घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मोठ्या कौतुकानं सांगायचे, "माझे दोन्ही जावई खड्डे बुजवतात." पाहुणे हसायचे, डेंटर हसायचा, डॉक्टर मात्र चष्मा पुसायला घ्यायचे.

साडू-साडू म्हणून दोघांमध्ये वाकडं असं काही नव्हतं. पण जवळीकही नव्हती. घरच्या कार्यात गाठ पडली की "काय म्हणता?" "मजेत." एवढ्यावर बोलणं संपायचं. डॉक्टरांना पत्र्यातलं काही कळत नव्हतं आणि डेंटरला दातांच्या खुर्चीची भीती होती. त्याची एक दाढ अधूनमधून ठणकायची, पण साडूला दाखवण्यापेक्षा तो लवंग चघळणं पसंत करायचा.

डॉक्टरांची बायको, म्हणजे थोरली, हिला सगळे ताईच म्हणत. ताई पुलांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत होती. हात सरळ, नजर त्याहून सरळ. लग्नाआधी, पगार हातात यायला लागल्यावर, तिनं देश सोडून चाललेल्या एका साहेबाकडून एक जुनी गाडी घेतली होती. दोनच दारं, लांबलचक नाक, आठ सिलेंडरचं इंजिन आणि बाटलीसारखा हिरवा रंग. गाडी सुरू झाली की समोरच्या घराच्या काचा थरथरायच्या. डॉक्टर ताईबरोबर पहिल्यांदा फिरायला गेले ते त्याच गाडीत, शेजारच्या सीटवर, बराचसा वेळ डोळे मिटून.

पुढे मुलं झाली, छोटी गाडी आली आणि मोठी गाडी घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. "काढू एकदा बाहेर" असं म्हणता म्हणता मुलं आपापल्या वाटेला लागली, केस पांढरे झाले आणि ताडपत्रीसुद्धा दोनदा बदलून झाली.

मग ताईला झटका आला. जिवावरचं होतं ते डाव्या हातापायावर निभावलं. बोलणं शाबूत राहिलं, जीभ तर आधीपेक्षा तिखट झाली. पण इस्पितळातून घरी आल्यापासून ताईनं उंबरा ओलांडला नाही. बैठकीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून पलंग, चार पायांच्या काठीनं टकटक करत. भेटायला कुणी आलं की म्हणायची, "झोपलेय म्हणून सांगा." आणि जागीच असायची.

डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि ते घरी बसले. जन्मभर रोज माणसांच्या तोंडात हात घालणाऱ्या माणसाला घरी बसणं जड जातं. एक दिवस ते शेडमध्ये गेले, ताडपत्री ओढून काढली आणि बराच वेळ नुसते बघत उभे राहिले. मग त्यांनी धाकट्या साडूला फोन लावला.

डेंटर आला तो खिशात लोहचुंबक आणि पेचकस घेऊनच. गाडीभोवती तो एक फेरी मारून आला. मागच्या चाकावरच्या भागाला चुंबक लावला, तो गळून खाली पडला.

"इथे चिकटत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे पत्रा नाहीच?"

"पत्रा होता. आता लांबी आहे, भोकं बुजवायची पुट्टी. कुणीतरी गंजावर लांबी थापून वरून रंग मारलाय." त्यानं पेचकसाचं टोक जरा दाबलं, ते पापडात जावं तसं आत गेलं.

डॉक्टर वाकून बघायला लागले. "वरून फिलिंग आणि आत कीड."

"तसंच."

"आमच्याकडे मग चांगला भाग लागेपर्यंत पोखरावं लागतं. कीड ठेवून वर काही बसवलं की परत तेच."

डेंटरनं पहिल्यांदाच साडूकडे नीट बघितलं. "आमच्याकडेही तेच करतात," तो म्हणाला.

त्या दिवसापासून डेंटर आपल्या गॅरेजचं काम आटोपून आठवड्यातले बरेच दिवस शेडमध्ये यायला लागला. आधी काच, सीटा, दिवे सगळं उतरवलं. मग डॉक्टरांनी खुणा करायच्या आणि डेंटरनं कापायचं. मागच्या दोन्ही बाजूंचे पत्रे, पायाखालची फरशी, डिकीचा तळ, सगळीकडे कीड. लांबी फोडली तर आत वर्तमानपत्राचे बोळे आणि कोंबड्यांच्या जाळीचा तुकडा निघाला. डॉक्टर म्हणाले, "ज्यानं हे केलं त्याला माझ्या खुर्चीत बसवायला हवा होता." डेंटर खो खो हसला आणि हसता हसता त्याचा हात गालावर गेला.

"कुठली दाढ?" डॉक्टरांनी विचारलं.

"कसली दाढ?"

"उजवीकडची, वरची. आल्यापासून डावीकडूनच चहा पिताय."

पत्रा निवत होता, करायला काही नव्हतं. डॉक्टरांनी त्याला उलट्या बादलीवर बसवलं, गाडीखाली बघायची बॅटरी त्याच्या तोंडात मारली आणि "आ" करायला लावलं. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका दवाखान्यात नेऊन स्वतःच्या हातानं ती दाढ काढली. डेंटर मान्य करायला तयार नव्हता, पण दुखलं नाही.

नवे पत्रे बाहेरून मागवले होते. मोठ्या खोक्यातून काळे, चकचकीत, तेलाचा वास येणारे पत्रे निघाले तेव्हा डॉक्टरांना वाटलं, झालं, आता नुसते चिकटवायचे. डेंटरनं पत्रा गाडीला लावून दाखवला. वर जुळला तर खाली बोटभर उघडा राहिला, खाली जुळवला तर चाकाची गोलाई हुकली.

"चुकीचा पाठवला?"

"बरोबर आहे. नवा पत्रा कधीच बसत नाही, बसवावा लागतो." आणि त्यानं ठोकळा आत धरला, बाहेरून लाकडी हातोडीनं हलके हलके ठोकायला लागला. डॉक्टरांनी कवळी बसवताना हेच हजारदा केलं होतं. ते दुसऱ्या बाजूनं ठोकळा धरायला उभे राहिले.

हे सगळं चाललं होतं आणि ताई शेडकडे एकदाही फिरकली नव्हती. ग्राइंडरचा आवाज सुरू झाला की ती स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची. डॉक्टर संध्याकाळी हातपाय धुऊन उत्साहानं सांगायला बसायचे, आज हे कापलं, उद्या ते बसवणार. ती ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "त्या डबड्याचं काय करायचंय मला?" आणि एकदा, भाजी निवडता निवडता, "माझ्या हयातीत होणार आहे का ते?"

ती थट्टेनं म्हणाली. डॉक्टरांच्या ते काळजात घुसलं.

त्याच सुमारास डेंटरच्या मुलीचे दिवस भरत आले. धाकटी, म्हणजे डेंटरची बायको, आधीच मुलीकडे गेली होती, आता डेंटरही निघाला. जाताना त्यानं दारांखालच्या लांब पत्र्याच्या पेटीवर, जिच्यावर पाय ठेवून गाडीत चढतात त्या भागावर, बोट ठेवलं. तीही आतून खाल्ली गेली होती.

"हिला मी आल्याशिवाय हात लावायचा नाही, डॉक्टर."

"बरं."

"बाकी काय घासायचं ते घासा. हिला नाही."

"म्हटलं ना, बरं."

डॉक्टरांनी आठवडाभर घासलं. घासण्यासारखं होतं ते सगळं घासून संपलं. तिकडे नात झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप, पण डेंटरचा मुक्काम लांबला. इकडे दाराखालची पेटी रोज समोर दिसायची, तिच्यातून तांबडा भुगा गळायचा आणि नवी पेटी भिंतीला टेकून तयार उभी होती. आजवर कापायचं काम डेंटरनं केलं असलं तरी डॉक्टरांनी ते इतक्यांदा बघितलं होतं की हाताला येतंय असं त्यांना वाटायला लागलं. आणि हात खरंच चांगला होता. एका सकाळी त्यांनी मास्क लावला, ग्राइंडर हातात घेतला आणि डाव्या बाजूची पेटी या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सुरेख, रेषेत कापून काढली.

शेवटचा धागा सुटला तेव्हा गाडीतून आवाज आला. मोठा नाही. म्हातारं माणूस खुर्चीत बसताना कण्हतं तसा. आणि दार, जे डेंटरनं फट तपासायला मुद्दाम लावून ठेवलं होतं, ते चौकटीत रुतून बसलं.

डॉक्टरांनी दार ओढलं. हलेना. वाकून बघितलं तर दाराच्या वरच्या कोपऱ्यात फट उरलीच नव्हती आणि खाली करंगळी जाईल एवढी झाली होती. गाडी मधोमध खचली होती. या गाडीला खालून वेगळा सांगाडा नव्हता. पत्रा हाच सांगाडा, आणि दाराखालची पेटी म्हणजे त्याचा कणा. पुढून-मागून लोखंडी घोड्यांवर टेकवलेल्या गाडीचा कणाच त्यांनी कापला होता. त्यांनी घाईघाईनं मधे जॅक लावला, जरासा वर केला, तर छपराच्या खांबाचा पत्रा कडकडला. दात काढताना जबडा मोडल्यासारखा तो आवाज होता. त्यांनी जॅक सोडून दिला आणि जमिनीवर बसले.

दुपारचा चहा ते कधी चुकवत नसत. त्या दिवशी चहा झाला, निवला, तरी आले नाहीत. ग्राइंडरचाही आवाज नव्हता. ताईनं खिडकी उघडून दोन हाका मारल्या. मग काठीची टकटक मागच्या दारापर्यंत आली, जरा थांबली, आणि पायरी उतरली.

डॉक्टरांनी वर बघितलं तर शेडच्या दारात बायको उभी. घामाघूम, एका हातानं चौकट घट्ट धरलेली.

"तू कशाला आलीस? पडली असतीस म्हणजे?"

"तुम्ही पडलात असं वाटलं म्हणून आले. काय झालं?"

"मोडली गं तुझी गाडी. मी मोडली."

ताईनं गाडीकडे बघितलं. इतक्या वर्षांनी ती तिला दिसत होती ती अशी, काचा नाहीत, रंग नाही, अर्धे पत्रे काळे आणि अर्धे खरवडलेले. ती काठी टेकत जवळ गेली. उजव्या हाताचं बोट तिनं दाराच्या फटीवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं.

"माझी पोलादी पट्टी आणा. टेबलाच्या खणातली. आणि खडू."

डॉक्टरांनी आणून दिली. ताईनं त्यांना स्टूल सरकवायला लावलं, बसली, आणि दाराच्या चारही बाजूंची फट मोजली. मग जमिनीवर खडूनं दाराची चौकट काढली, आधी कशी होती ती आणि आता कशी आहे ती. हात अजून सरळ होता. डॉक्टर तिच्या रेषा बघत राहिले.

"मोडलेली नाही," ती म्हणाली. "वाकलीय. मधला आधार काढला की पूल असाच वाकतो. परत उचलता येईल. पण हळू, आणि तुम्ही एकट्यानं नाही." मग जरा थांबून म्हणाली, "चहा गरम करायला लागेल आता."

डॉक्टर उठले नाहीत. ताईच पुढे बोलली, जमिनीवरच्या चित्राकडे बघत.

"लोक भेटायला येतात ना, ते आधी माझ्या पायाकडे बघतात, मग तोंडाकडे. तुम्ही ही गाडी उघडलीत आणि मला वाटलं, झालं, मी काही नीट होत नाही म्हणून हिला दुरुस्तीला काढली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. या खेपेला तो पुसला नाही, नुसता हातात धरला.

"थोडं तसं होतंच," ते म्हणाले.

"मला ठाऊक आहे. पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, अर्धा मायेनं आणि अर्धा उठायला आधार म्हणून. "चला. माझ्यानं ती पायरी एकटीनं चढवायची नाही."

डेंटर परत आला तो पेढ्यांचा पुडा हातात धरून थेट शेडमध्येच. त्यानं गाडी बघितली. पुडा बाकावर ठेवला. नळाखाली हात धुतले, खरं तर ते स्वच्छच होते. "चहा आहे का?" एवढंच म्हणाला. त्याची बायको तिथे असती तर तिनं सांगितलं असतं, हा माणूस रागावला की चहा मागतो.

"मी सांगितलं होतं," चहा संपल्यावर तो म्हणाला.

"हो," डॉक्टर म्हणाले. "चूक माझीच."

"हात लावू नका म्हणालो होतो."

"का लावायचा नाही ते नाही सांगितलंत," ताई स्टुलावरून म्हणाली. "सांगायला काय झालं होतं?"

डेंटरनं रिकामा पेला उचलला. त्याच्या गॅरेजात तो कुणालाच कारण सांगत नसे, सांगितलं ते करायचं. पेला हातात फिरवत तो म्हणाला, "आधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या पाइपा वेल्ड करून घ्यायच्या असतात. मग कापायचं. म्हणजे चौकट हलत नाही."

"मीही पेशंटला कधी कारण सांगायचो नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणायचो, तोंड उघडा."

"भांडून झालं असेल तर गाडी उचला," ताई म्हणाली.

गाडीखाली जाड लाकडी तुळई घातली, तिच्याखाली दोन जॅक. एकावर डेंटर, एकावर डॉक्टर. ताई दारासमोर स्टुलावर, पोलादी पट्टी फटीला लावून, डोळे बारीक करून. तिनं म्हटल्याशिवाय कुणी हलायचं नाही असं ठरलं.

"पुढचा. जरासा. थांबा. आता मागचा. अहो, मागचा म्हणजे तुमचा!"

"मला वाटलं—"

"वाटून घेऊ नका. पुढचा परत. थांबा, थांबा, जास्त झालं. अर्ध्या केसाइतका खाली."

"अर्धा केस म्हणजे किती?" डेंटरनं गाडीखालून विचारलं.

"तुमच्या डोक्यावर आहेत त्यातला अर्धा," ताई म्हणाली. डेंटरच्या डोक्यावर फारसे नव्हतेच.

दुपार कलेपर्यंत हे चाललं. मधे एकदा पत्रा कडकडला आणि दोघांनी जॅकवरचे हात काढले. ताईनं फट मोजली आणि नुसती मान हलवली, चालू द्या. शेवटी तिनं पट्टी वरून खालपर्यंत सरकवली, ती कुठेही न अडकता गेली. "दार उघडा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मूठ ओढली. दार उघडलं. लावलं, आणि ते एका बारीक आवाजात जागच्या जागी बसलं. डेंटरनं परत उघडलं, परत लावलं. मग तिसऱ्यांदा, उगीचच.

"तू लाव बघू एकदा," तो डॉक्टरांना म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं साडूला 'तू' म्हटलं नव्हतं. त्याला ते कळलंही नाही. डॉक्टरांना कळलं. त्यांनी दार लावून बघितलं.

मग चौकटीत पाइपा बसल्या आणि नवी पेटी जागेवर आली. वेल्डिंगला डेंटरनं डॉक्टरांना जवळ घेतलं आणि या वेळी कारणासकट सांगितलं. एक टाका इथे, दुसरा लांब तिकडे, मग मधे, नाहीतर उष्णतेनं पत्रा वाकतो. कोपऱ्यातली अडचणीची जागा, जिथे डेंटरचा जाडजूड हात जात नव्हता, तिथले टाके डॉक्टरांनी घातले. डेंटरनं बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, "दवाखाना उगाच चालवलास."

त्यानंतर ताई रोज यायला लागली. सुरुवातीला डॉक्टर हाताला धरून आणायचे, मग त्या पायरीला डेंटरनं उरलेल्या पाइपेचा कठडा करून दिला आणि ती एकटी यायला लागली. प्रत्येक पत्रा तिनं मोजल्याशिवाय पक्का व्हायचा नाही. शेजारचा सुतार एकदा डोकावला तेव्हा ती "झोपलेय" म्हणाली नाही, त्याला पट्टीचं दुसरं टोक धरायला लावलं. पाय काही फार सुधारला नव्हता. पण ती त्याबद्दल बोलायची ते एखाद्या खोडकर नातेवाइकाबद्दल बोलावं तसं.

पत्र्याचं काम संपलं, गाडीला करडा प्रायमर लागला आणि चार चाकांवर ती पहिल्यांदा खाली उतरली, त्या दिवशी धाकटीही नातीचे फोटो दाखवायला आली होती. रंग बाकी होता, इंजिनाला तर अजून कुणी हात लावला नव्हता. ब्रेक आणि स्टेअरिंग मात्र डेंटरनं करून घेतलं होतं.

"मला बसायचंय," ताई म्हणाली.

"बस की."

"नुसतं नाही. बाहेर."

दोघे साडू एकमेकांकडे बघायला लागले. डॉक्टर म्हणाले, "इंजिन चालू नाही गं अजून."

"गल्ली उताराची आहे."

पुढची सीट बसवली गेली. धाकटी मागे, रंगाच्या रिकाम्या डब्यावर उशी टाकून बसली आणि आधीपासूनच ओरडायला लागली. दोघांनी गाडी फाटकातून बाहेर ढकलली, नाक उताराकडे केलं, आणि ताईनं ब्रेकवरचा उजवा पाय हळूच उचलला.

आवाज काहीच नव्हता. नुसती टायरांची सरसर आणि धाकटीची "ताई, हळू गं!" लांबलचक करडं नाक गल्लीतून खाली निघालं. शेजारी कुंपणाशी आले. दोघे साडू मागून पळत होते, डेंटर बरोबरीनं आणि डॉक्टर हातभर मागे. ताई सरळ समोर बघत होती. एका हातानं तिनं वळणावरची उभी सायकल चुकवली आणि जिथे गल्ली सपाट होते तिथे गाडी अशी थांबवली की डब्यावरची धाकटी जराही सरकली नाही.

मग चढ आला. दोघांनी ढकललं, कुंपणाशी उभ्या असलेल्यांपैकी एक-दोघांनी हात लावला, पण फाटकाच्या अलीकडे चढ जरा जास्तच होता आणि गाडी तिथे अडून बसली. मदतीला आलेले आपापल्या कामाला गेले. सुतार कामावरून परत आला की आणखी एक हात लागेल, असं ठरलं. डॉक्टरांनी चाकामागे दगड लावले आणि घरातून चहा आणला. डेंटर मागे धाकटीशेजारी गाडीच्या फरशीवर बसला, डॉक्टर पुढे दाराच्या पेटीवर, पाय रस्त्यावर सोडून.

"इंजिनाचं काय करायचं?" डेंटरनं विचारलं.

"आधी रंग," ताई म्हणाली. "हिरवा नको. हिरव्याचा कंटाळा आलाय."

मग कुठला रंग द्यायचा यावर चौघांचं वाजलं, आणि सुतार येईपर्यंत ते चालूच होतं.